निवडणुकीआधी केलेली युती निकालानंतर मोडायची मुभा असावी का?

मुठाकाठ (शनिवार पेठ)
माझं मत: नसावी.

२०१९ ला भाजप आणि शिवसेनेने एकत्र मतं मागितली. १०५ आणि ५६ मिळून १६१ जागा, बहुमताला हवे १४५. कौल स्पष्ट होता. तरी २३ नोव्हेंबरला फडणवीस-अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी झाला, ते सरकार २६ ला गेलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर महाविकास आघाडीचा (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) शपथविधी. पुढे २०२२ ला सुरत-गुवाहाटी, म्हणजे सेनेतलं एकनाथ शिंदेंचं बंड, २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीतली फूट. एकाच विधानसभेत तीन मुख्यमंत्री झाले, चारही मोठे पक्ष सत्तेत बसून गेले, आणि एवढ्या उलथापालथीत मतदाराला एकदाही कुणी विचारलं नाही. याचा मला मनापासून राग आहे.

वेगळं लढून नंतर एकत्र येणं मला मान्य आहे. १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीने तेच केलं, २०१४ ला भाजप-सेनेनेही. तिथे कुणाची फसवणूक झाली नाही. पण एकत्र मतं मागितली असतील तर ती युती निवडणूक आयोगाकडे लेखी नोंदवा, आणि जो पक्ष ती मोडेल त्याच्या आमदारांनी राजीनामे देऊन पुन्हा निवडून यावं.

हडपसरकर
पूर्ण असहमत. राजीनामा देऊन पुन्हा उभं राहण्याचा प्रयोग होऊन गेलाय. कर्नाटकात २०१९ ला काँग्रेस आणि जेडीएसच्या आमदारांनी राजीनामे दिले, कुमारस्वामींचं सरकार पडलं. डिसेंबरात १५ जागांवर पोटनिवडणूक झाली, भाजपने १२ जिंकल्या आणि त्यात बहुतेक हेच पक्ष बदललेले होते. मध्य प्रदेशात २०२० ला २२ आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथांचं सरकार गेलं. नोव्हेंबरात पोटनिवडणूक झालेल्या २८ पैकी १९ जागा भाजपला. तुमच्या नियमाने काय थांबलं?

दुसरं, मुख्यमंत्रिपदाबद्दल काय ठरलं होतं यावरूनच २०१९ ची युती तुटली. एक बाजू म्हणते शब्द दिला होता, दुसरी म्हणते दिलाच नव्हता. अशा वेळी बाहेर पडण्याची वाटच बंद केलीत तर थोरला भाऊ धाकट्याला पाच वर्षं दाबून ठेवेल. लहान पक्ष संपतील.

मुठाकाठ
थांबलं नाही हे खरं. पण तिथे लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं, म्हणजे निदान विचारलं तरी. आमच्याकडे तेवढंही झालं नाही. आणि शब्द दिला की नाही हा वाद राहू नये म्हणूनच लेखी म्हणतोय. मुख्यमंत्रिपदाचं काय ठरलं ते मतदानाआधी सगळ्यांना कळू दे.

कोर्टातला माणूस (शिवाजीनगर)
दोघेही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवताय. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याला, पक्ष कळतो, युती कळत नाही. १९८५ ला कायदा आला तेव्हा पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढली, उरलं ते दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. २०२२ ला शिंदे गटाने विलीनीकरण केलंच नाही. आम्हीच मूळ पक्ष, असा दावा केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने त्यांना नाव आणि धनुष्यबाण दिला.

खरं दुखणं वेळेचं आहे. बंड जून २०२२ चं, अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. अपात्र कुणीच नाही, ना या गटाचा ना त्या. अध्यक्ष एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो, त्याच्याकडे हा निवाडा का? मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयानेच स्वतंत्र लवादाचा विचार करा असं संसदेला सुचवलं होतं. तीन महिन्यांत निकाल लागला असता तर पुढचं बरंच घडलंच नसतं.

कसब्याची मतदार
तुम्ही सगळे मुंबईतल्या खुर्चीबद्दल बोलताय. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. मधे सगळा कारभार प्रशासकाकडे. पाण्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता.

आणि मुठाकाठ, याच महापालिकेला पुण्यात दोन्ही राष्ट्रवादी एकत्र लढल्या, तेव्हा राज्यात एक सत्तेत होती, एक विरोधात. तुमच्या नोंदवहीत हे कुठे बसवायचं? आमच्याकडे लोक माणूस बघतात. रवींद्र धंगेकर मनसेत असताना कसब्यातून लढले. २०२३ च्या पोटनिवडणुकीत भाजपचा इतक्या वर्षांचा बालेकिल्ला त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर घेतला, २०२४ ला हरले, २०२५ ला शिंदेंच्या शिवसेनेत गेले. त्यांना मत देणारे सगळेच काही पंजाकडे बघून देत नव्हते.

मुठाकाठ
ताई, माझा नियम विधानसभेपुरता आहे, कारण सरकार तिथे बनतं. महापालिकेत स्थानिक जुळवाजुळव वेगळी राहणार, राहू दे. माणूस बघून मत देणाऱ्यालाही तो माणूस कुणाला मुख्यमंत्री करणार हे कळायला हवं. लवादाचं म्हणणं मात्र पटतं. दोन्ही हवं.

हडपसरकर
२०२४ ला लोकांनी उत्तर दिलंच की. भाजप १३२, शिंदे ५७, अजित पवार ४१. फुटलेल्यांना घरी बसवायचं असतं तर बसवलं असतं.

मुठाकाठ
ते उत्तर पुढच्या पाच वर्षांच्या सरकारबद्दल होतं, तेही लाडक्या बहिणींचे हप्ते सुरू झाल्यावरचं. २०१९ ला आणि २०२२ ला आम्हाला विचारायला हवं होतं, त्या त्या वेळी.