मदत हवी आहे : दोन मशीन, पत्ता एकच!

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहतो, अंधेरीच्या एका छोट्या ऑफिसात सपोर्टला आहे. प्रिंटर, केबल, पासवर्ड रीसेट, तीन वर्षं हेच. आता सिस्टिम अ‍ॅडमिनकडे वळायचंय. क्लासची फी झेपत नाही, म्हणून रात्री जेवणं उरकली की घरीच बसतो.

लिनक्सचं बरं चाललंय. फाइलच्या परवानग्यांचे आकडे, ७५५ आणि ६४४, यांतला फरक आता झोपेतही सांगेन. (पूर्वी काही अडलं की सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, ठोकायचो, हसू नका.)

गाडी अडलीये नेटवर्किंगला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दोन उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलीत, दोन्ही नॅटवर, म्हणजे लॅपटॉपच्या आडून इंटरनेट घेणाऱ्या सेटिंगवर. इंटरनेट दोन्हीकडे येतं, पण नेटवर्कवरचा पत्ता दोघांचाही १०.०.२.१५! एकावरून दुसऱ्याला पिंग करायला (पोचतंय का ते तपासायला) गेलो तर मशीन स्वतःलाच उत्तर देतंय. मला एकावरून दुसऱ्यावर एसएसएच (दुरून लॉगिन) करायचंय, आणि मग फायरवॉलने पोर्ट २२ (एसएसएचचं दार) फक्त त्या एकाच मशीनसाठी उघडं ठेवायचंय. त्यासाठी नॅट नेटवर्क (आभासी मशीन एकमेकांशी बोलतात, इंटरनेटही मिळतं) घेऊ की होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्यातली मशीन)? ब्रिज्ड (आभासी मशीन थेट घरच्या नेटवर्कवर) करायला धजावत नाही, कारण वायफाय शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलंय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, तिसरं मशीन पेलेल का?

आणखी एक. मित्र म्हणतो, हे सगळं सोड, थेट हॅकिंगचा कोर्स कर. मला ते आधी कळस मग पाया वाटतं. सबनेटिंग (नेटवर्कचे भाग पाडणं), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), लॉग (मशीनच्या नोंदी) वाचणं नीट जमल्यावरच सिक्युरिटीला हात घालावा ना? ज्यांनी नोकरी सांभाळून हे केलंय त्यांनी क्रम सांगा. मराठीत समजावलेलं काही असेल तर फारच बरं.