मदत हवी आहे: एआय चार दिवसांची हवा की मुक्कामी पाहुणा? (ठाण्यातलं डीटीपीचं दुकान)

नमस्कार. नौपाड्यात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, १९ वर्षं झाली. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, प्रतिज्ञापत्रांचं टायपिंग. गाळ्याचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. मालक म्हणतात, या वेळी पाच वर्षांचा करा, डिपॉझिट वाढवून. सही करू की नको, एवढंच विचारायचंय. पण मधे हे एआय येऊन बसलंय.

सासरे छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवायचे. कॉम्प्युटरवर मजकूर लागायला लागला तेव्हा ते आणि त्यांचे शेठ, दोघंही म्हणाले, "चार दिवसांची हवा आहे." पुढे प्रेस बंद पडली, खिळे किलोवर भंगारात गेले. खिळे ठेवायची एक केस अजून आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला खाली काढते, पुसते, परत वर ठेवते. टाकवत नाही. त्यामुळे 'हवा आहे, जाईल' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता दुसरी बाजू. २०२१मध्ये फेसबुक कंपनीने 'मेटा' नाव घेतलं तेव्हा भाचा म्हणाला होता, मामी, आता लग्नं मेटाव्हर्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आभासी जगात लागणार, तुझ्या पत्रिका कोण छापणार? लग्नं अजून हॉलमध्येच लागतायत, आणि जेवणाच्या रांगाही तेवढ्याच.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक मोबाइलवर एआयने केलेली पत्रिका घेऊन आलं. गणपती असा देखणा की मला सात जन्मांत जमणार नाही. खाली 'शुभविवाह'मधला भ अर्धा म झालेला, 'चि. सौ. कां.'मधला सौ गायब आणि आडनावातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला. "ताई, फक्त अक्षरं नीट करा, बाकी सगळं तयार आहे." त्या 'फक्त'ला तीन तास लागले. चित्रातली अक्षरं पुसा, मागची नक्षी भरा, मग नव्याने टाइप करा. १५० रुपये घेतले.

मराठी चुकतंय म्हणून निर्धास्त राहू, की वर्षभरात रफारही जागेवर बसेल?

प्रतिसाद – घणसोली लोकल:
ताई, आयटीत आहे म्हणून स्पष्ट सांगतो, रफाराच्या भरवशावर राहू नका. बसेल तो. एआयला याआधीही उतरती कळा लागली होती. १९७३मध्ये ब्रिटनमध्ये एआय संशोधनावर टीका करणारा लाइटहिल अहवाल आला आणि तिथला संशोधनाचा पैसा आटला, ऐंशीचं दशक संपता संपता पुन्हा तेच. पण तेव्हा ते प्रयोगशाळेत आणि मोठ्या कंपन्यांत होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून ते गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. शेअरबाजारातला फुगा फुटेलही. २०००मध्ये डॉटकॉमचा फुटला होता, म्हणून इंटरनेट कुठे गेलं?

प्रतिसाद – कोपरीकर काका:
माझं सायबर कॅफे होतं. इंटरनेट टिकणार असं मी छातीठोकपणे सांगायचो. ते टिकलं, कॅफे बुडालं! प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यावर तासाला वीस रुपये कोण देणार? म्हणून एआय राहील की जाईल यात डोकं घालू नका. लोक तुमच्या दारात नेमके कशासाठी येतात ते वहीत बघा. आणि पाच वर्षांचं जोखड नको. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स मागा. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. वही काढली. गेल्या महिन्यात पत्रिका १४, त्यातल्या ५ अशाच एआयच्या चित्रासकट आलेल्या. मागच्या वर्षी त्याच महिन्यात २६ होत्या. हे मी आजवर मोजलंच नव्हतं. स्मरणिकांची प्रुफं वाचून द्यायचं काम मात्र वाढलंय, कारण लेखच आता एआयकडून लिहून येतात आणि संपादकांना धास्ती असते.

मालकांना उद्या अकरा महिन्यांचं विचारते. काका, अजून एक. चित्रातली पत्रिका दुरुस्त करायचे किती लावावेत? १५० फारच कमी झाले ना?