वस्तुसंग्रहालयातली व्याख्यानं पॉडकास्टवर फुकट टाकायची आहेत, परवानगीचं आणि आवाजाचं कसं करू?

हळदपेठकर, सांगली

आमचं एक छोटं खाजगी वस्तुसंग्रहालय आहे. नाव मुद्दाम घेत नाही, विश्वस्तांपैकी दोघं इथं वाचतात. जुनी वजनं-मापं, पेठेतल्या चोपड्या, तांब्यापितळेची भांडी, नाणी असा संग्रह. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी एका वस्तूवर व्याख्यान असतं. बँकेतून निवृत्त झालो आणि ध्वनिमुद्रण माझ्या गळ्यात पडलं. टेबलावर मोबाईल ठेवायचा नि चालू करायचा, एवढंच ते. फायली नुसत्या पडून आहेत. त्या पॉडकास्ट म्हणून सगळ्यांना फुकट खुल्या कराव्यात असं माझं म्हणणं. एक विश्वस्त म्हणतात, "घरबसल्या मिळालं तर हॉलवर कुत्रं फिरकणार नाही." त्यांचं सोडा, माझ्या अडचणी वेगळ्याच आहेत.

नाण्यांवरचं व्याख्यान घ्या. वक्ते अभ्यासू, पण दर दोन वाक्यांनी "हे बघा, इथं डावीकडं". ऐकणाऱ्यानं काय बघायचं? उलट हरिपूरच्या पेवांवर बोलायला एक जुने हमाल आले होते. कागद नाही, पडद्यावर चित्र नाही. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. ते म्हणाले, पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. वारा खाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस खाली पाठवायचा नाही. हे सांगताना त्यांनी आवाज असा काही खाली आणला की मागच्या खुर्चीतल्या कुठल्यातरी बाईंचं "आई गं!" फायलीत स्पष्ट ऐकू येतं.

पण हमालकाकांची कशावरच सही नाही. ती आता घ्यावी लागेल का? आणि पंख्याची घरघर कशी घालवायची?

मिरजेची वकीलीण

काका, सही घ्याच. कॉपीराइट कायदा १९५७ चा. जाहीर भाषणाचा पहिला मालक ते भाषण करणारा माणूस. हॉल तुमचा, सतरंजी तुमची, चहा तुमचा, म्हणून भाषण तुमचं होत नाही. शिवाय सादरकर्त्यांना या कायद्यात वेगळे हक्क आहेत, ५० वर्षांचे, आणि सादरकर्ता कोण याच्या व्याख्येत नट, गायक, कसरतपटू, जादूगार, गारुडी यांच्या पाठोपाठ व्याख्यान देणाराही बसवलाय. आमचे काही प्राध्यापक गारुड्याशेजारी बसायला खूश नसतील, पण हक्क मिळतात ते मिळतात.

कागद एक पानाचा पुरे. ध्वनिमुद्रण इंटरनेटवर कायम आणि विनामूल्य ठेवणार, काटछाट करणार पण अर्थ बदलणार नाही, पैसे कुणी कमावणार नाही, हक्क वक्त्याकडेच राहतील. हमालकाकांना हे नुसतं पुढं सरकवू नका, वाचून दाखवा. वाचताना आणि त्यांनी "चालंल" म्हणताना मोबाईल चालू ठेवा.

साउंडवाला_विश्रामबाग

मी मंडपाची कामं करतो, भाषणं लई ऐकलीत. पहिलं म्हणजे मोबाईल टेबलावरनं काढा ओ. वक्ता टेबलावर हात आपटतो, प्याला ठेवतो, सगळं फायलीत येतं. साधा कॉलर माईक घ्या, वायर वक्त्याच्या खिशातल्या मोबाईलला जोडा, मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. माईक तोंडापासून वीतभर असला की पंखा आपोआप मागं पडतो.

जुन्या फायलींसाठी ऑडॅसिटी हे आवाजाच्या काटछाटीचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. कुणी बोलत नाही, नुसता पंखा फिरतोय असा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडून त्याचं नॉइज प्रोफाइल, म्हणजे घरघरीचा नमुना, घ्यायचं, मग सगळ्या फायलीवर नॉइज रिडक्शन लावायचं. जरा बेतानंच. जास्त ओढलं की माणूस विहिरीतनं बोलल्यासारखा वाटतो, थोडी घरघर परवडली.

मूळ फाईल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, जपून ठेवा, मोनोमध्ये (एकाच चॅनेलचा आवाज) तासाला साधारण ३०० एमबी. लोकांना द्यायची ती मोनो एमपी३, ६४ केबीपीएस, तासाला २९ एमबीच्या आसपास. बोलण्याला तेवढं बास होतं, आणि तालुक्याच्या गावात रेंज नसली तरी उतरवून घेता येतं. फायली इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या साइटवर फुकट राहतात. कुठल्या एकाच ॲपच्या भरवशावर बसू नका, गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंदच झालं.

आणि श्रोत्यांचे प्रश्न! फायलीत नुसती उत्तरं राहतात. वक्त्याला सांगा, प्रश्न माईकमध्ये परत म्हणून मग उत्तर द्या.

कृष्णाकाठची_पुण्यात

विश्वस्तांना सांगा, लंडनचं ग्रेशॅम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं ठेवतंय. आता ती नेटवरही खुली आहेत, तरी सभागृहात माणसं येतातच. आमची आई गुडघ्यांमुळं जिना चढत नाही, तुमच्या हॉलला ती तशीही येणार नव्हती. ती भाजी निवडताना ऐकेल.

नाण्यांचं भाषण मात्र आहे तसं टाकू नका. ब्रिटिश म्युझियमनं बीबीसीबरोबर २०१० मध्ये १०० वस्तूंवर रेडिओमालिका केली, एकेक भाग १५ मिनिटांचा, सगळं नुसतं कानांसाठी. जमतं ते. तुमच्या वक्त्यांना एक शिवराई हातात देऊन पुन्हा दहा मिनिटं बोलतं करा, पडदा बंद ठेवून. तांब्याचं नाणं, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची कड. कुठली अक्षरं झिजलीत, कडेला अंगठा फिरवला की काय लागतं, हे त्यांनीच सांगायचं. "डावीकडं" म्हणायला जागाच उरणार नाही.

हळदपेठकर, सांगली

पडदा बंद ठेवायची कल्पना विश्वस्तांनाही पटेल, प्रोजेक्टरचं भाडं वाचतं! पहिला भाग पेवाचा करतो. "आई गं" काढणार नाही, कुणी कितीही सांगू दे. पुढच्या आठवड्यात कागद घेऊन हमालकाकांकडं जाऊन येतो.

वकीलताई, एक राहिलं. त्याच भाषणात मध्येच रस्त्यावरनं वरात गेली. बँडवर सिनेमातलं गाणं, चांगलं मिनिटभर. ठेवलं तर चालेल?

मिरजेची वकीलीण

कापा. वरातीत गाणं वाजवायला कायद्यानं सूट दिलीय, तुमच्या पॉडकास्टला नाही.