आंब्यापासून १५ फुटांवर पाया येतोय, मुळं कशी वाचवायची?

प्रश्न
पुण्यात बंगल्याचं काम सुरू होतंय. प्लॉटवर जुना आंबा आहे, बुंध्याचा घेर ६ फूट. घराचा पाया बुंध्यापासून १५ फुटांवर, कंपाउंडची भिंत ५ फुटांवर. कंत्राटदार म्हणतो, मुळं खोल असतात, जेसीबीने खोदलं तरी काही होत नाही. वर दोन फूट मुरमाचा भरावही टाकायचा आहे.

उत्तर १
सगळीच मुळं खोल नसतात. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजा आणि त्याला ३.८ ने गुणा. तुमच्या झाडाला साधारण २३ फूट त्रिज्येचं वर्तुळ जपायला हवं. पायाच्या बाजूने ते कापलं जाणारच, पण बाकी बाजूंनी काम सुरू व्हायच्या आधी पक्कं पत्र्याचं कुंपण घाला. आत वाळू, खडी, सळई, मजुरांची झोपडी, काहीही नको.

पायाच्या बाजूला जेसीबी आणण्याआधी आखलेल्या रेषेवर हाताने दोन फूट खोल चर घ्या. आडवी आलेली मुळं धारदार करवतीने सरळ कापा. हे केलं नाही तर बकेट मूळ ओढते आणि ते खड्ड्यापासून पार बुंध्याकडे चिरत जातं. सडणं तिथूनच सुरू होतं. कापलेल्या टोकांना रंग, डांबर काही लावू नका. चर बुजेपर्यंत ओलं बारदान टाकून ठेवा.

उत्तर २
मला तुमच्या भिंतीची जास्त काळजी वाटते. बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतरात, म्हणजे इथे सुमारे ६ फुटांत, झाडाला उभं धरणारी मुळं असतात. तिथे सलग चर खणलात तर वादळात झाड आडवं होऊ शकतं. झाडासमोर १० फुटांचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) सोडून दोन्ही बाजूंना कॉलम घ्या. खड्डे हातानेच खणा, दोन इंचांहून जाड मूळ लागलं तर खड्डा सरकवा. मधे बीम टाका, त्याच्या खाली चार इंच मोकळं ठेवा. सळई किती ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या.

उत्तर ३
भराव रद्दच करा. सहा इंच मातीनेही मुळांची हवा तुटते, दोन फूट मुरूम तर दाबून बसतो. बुंधा जिथे जमिनीपाशी फुगतो तो भाग उघडाच राहायला हवा. गाडी न्यायचीच असेल तर लाकडाच्या ढलप्यांचा आठ-दहा इंच थर आणि त्यावर जाड प्लायवूड. मिक्सर धुतलेलं पाणी झाडाकडे वळू देऊ नका, ते चुन्याच्या पाण्यासारखं फार अल्कधर्मी असतं.

प्रश्नकर्ता
मुळं तुटली म्हणून फांद्याही तेवढ्याच छाटाव्यात, असं माळी सांगतो. बरोबर आहे का?

उत्तर १
नाही. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच बनवतात. फक्त वाळलेल्या आणि कामात अडणाऱ्या फांद्या काढा. पहिलं वर्ष युरिया नको. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा माती फूटभर खोल ओली होईल इतकं पाणी द्या, बुंध्यापाशी नव्हे, जपलेल्या वर्तुळाच्या आत पण कडेजवळ. शेंडा वाळू लागणं तीन-चार वर्षांनीही दिसू शकतं, तोवर हे चालू ठेवा.

आणखी एक, १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणं हेही झाड तोडण्यातच धरलं आहे. कंत्राटदाराच्या करारात हे कुंपण आणि हातखोदाई लिहून घ्या.