मदत हवी आहे: मुलगा मिस्सेला येतो, पण प्रार्थना करत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे, सदरला राहतो. घरी मराठी, मुलाची शाळा इंग्रजी, मिस्सा (चर्चमधली उपासना) कधी इंग्रजीतली तर कधी हिंदीतली. मुलगा यंदा दहावीला आहे. पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यायच्या आधी आठ दिवस तो पांढरा शर्ट रोज कपाटातून काढून बघायचा. पुढे चार वर्षं वेदीसेवक होता, म्हणजे मिस्सेत वेदीपाशी फादरना मदत करायचा. आता रविवारी येतो, मागच्या बाकावर बसतो, सगळे उभे राहिले की उभा राहतो. ओठ हलत नाहीत.

ऑक्टोबर जपमाळेचा महिना, म्हणून जेवणं आटोपली की आम्ही रोज पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, म्हणतो, प्रत्येक मण्याला 'नमो मरिये' ही मरियेची प्रार्थना. माझ्या सासऱ्यांची जपमाळ आता त्याच्याकडे असते. तिच्या तिसऱ्या दशकातला एक मणी निखळलाय, तिथे सासऱ्यांनी काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. परवा बघते तर त्याचा अंगठा त्या गाठीवरच. आमची पुढची दोन दशकं झाली तरी तिथेच. मी सगळ्यांसमोर रागावले. तो उठून गच्चीवर गेला. रात्री म्हणाला, "पन्नास वेळा तेच ते. मागच्या वर्षी आजोबांसाठी पण म्हटलंच होतं ना?"

त्यात कोचिंगच्या टेस्ट नेमक्या रविवारी सकाळी. मी चर्चमध्ये नववी-दहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. तिथेही हेच बघते, दृढीकरणाचा (श्रद्धा पक्की करण्याचा) संस्कार झाला की निम्मी पोरं दिसेनाशी होतात. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते आणि माझंच पोरगं गप्प, याचं फार वाईट वाटतं. बळजबरी करू की सोडून देऊ? कोणी या वयाच्या मुलांसोबत काही करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: संत्र्याची वाडी

ताई, आधी टेस्टचं. रविवारी मिस्सेला जायचं बंधन शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनं पूर्ण होतं, चर्चचा तसा नियमच आहे. त्याला क्लासवरून सरळ येऊ द्या. फक्त ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नसतं, तेवढं सांगून ठेवा. भूक लागली की पोरं चर्चच्या वाटेवरच समोसा खातात आणि मग ख्रिस्तप्रसादाला उठत नाहीत. आपल्याला वाटतं श्रद्धा गेली.

दुसरं म्हणजे काम द्या. मिस्सेत बायबलमधलं पत्र वाचायला द्या, पण गुरुवारीच द्या. घरी दोनदा मोठ्यानं वाचून घ्या, हे पत्र कोणी कोणाला लिहिलं तेही सांगा. ऐन वेळी हातात पुस्तक दिलं की मुलं अडखळतात आणि पुन्हा नाव काढत नाहीत.

आणि 'तेच ते' म्हणतो ना, तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडून त्याच्यासमोर ठेवा. २८वं वचन गाब्रिएल दूताचं, ४२वं एलिझाबेथचं. 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग यातूनच आलाय. माझ्या पुतणीला हे सोळाव्या वर्षी कळलं. तोवर तिला वाटायचं, कोणीतरी बसून पाठांतरासाठी रचलंय.

प्रतिसाद: मागचा बाक

मी १९ वर्षांचा आहे, सेमिनरी हिल्सकडे राहतो. काकू, राग मानू नका. तुमच्या पोस्टमधलं खरं वाक्य आजोबांचं आहे. त्याला कंटाळा नाही आला. त्यानं मागितलं आणि मिळालं नाही, आणि त्यावर त्याच्याशी कोणी बोललं नाही.

माझी आजी गेली तेव्हा माझंही असंच झालं होतं. घरातले सगळे "देवाची इच्छा" म्हणायचे आणि विषय संपवायचे. मग एका फादरनी स्तोत्र १३ वाचायला दिलं. त्यात माणूस देवाला सरळ विचारतो की किती दिवस मला विसरणार आहेस. बायबलमध्ये देवावर असं रागावता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी प्रार्थना केली.

अजून एक. पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोरच्या, आराधनेला त्याला एकदा न्या. तिथे काही म्हणायचं नसतं, नुसतं बसायचं. वीस मिनिटं पुरे. बाहेर आल्यावर "काय वाटलं?" असं मात्र विचारू नका. आणि कार्लो अकुतीसचं उदाहरण देणार असाल तर जपून. मला तो मनापासून आवडतो. २००६ साली पंधराव्या वर्षी गेला, कॉम्प्युटरचं वेड होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत झाला. पण "बघ, तो रोज मिस्सेला जायचा" असं आई म्हणाली की तो संत राहत नाही, शेजारचा हुशार मुलगा होतो.

प्रतिसाद: पहाटवारा

वरच्या दादांशी सहमत. आमच्याकडे दोन मुली आहेत. पाच दशकांचा हट्ट सोडला आणि एकच दशक ठेवलं. प्रत्येकानं आधी सांगायचं, आज कोणासाठी. धाकटीनं एकदा तिच्या रिक्षावाल्या काकांच्या गुडघ्यासाठी म्हटलं, तेव्हा आमच्या घरातली जपमाळ पहिल्यांदा खरी वाटली. रात्री दिवे मालवल्यावर संत इग्नासची दिवसाच्या आत्मपरीक्षणाची पद्धत करतो: आभार, उजेड मागणं, दिवसावर नजर, चुकीची माफी, उद्यासाठी विनंती. पाच मिनिटं लागतात. मोठी मोठ्यानं बोलत नाही, मनातच करते. चालतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय. 'मागचा बाक', तुझा प्रतिसाद वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. सासरे गेले तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, "रडू नको, आजोबा देवाजवळ आहेत."

त्या रात्री गच्चीवर जाऊन त्याची माफी मागितली. स्तोत्र १३ मोबाइलवरच वाचलं. तो काही बोलला नाही. एकच दशक करतोय आता, तेही तो नेहमी येत नाही, मी हाक मारत नाही.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरस्तानात गेलो. त्यानं आपणहून बादली भरून आणली, क्रूस घासला, नावाच्या अक्षरांतली माती काडीनं काढली. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, तर हाताचा आडोसा करून बसला. मग मला विचारलं, "इथे पण तेच म्हणायचं का?" मी म्हटलं, तुला वाटेल ते बोल. आम्ही फाटकापाशी येऊन थांबलो. तो बराच वेळ तिथेच होता. आला तेव्हा जपमाळ मुठीत होती. घरी येईपर्यंत मी काही विचारलं नाही.