मदत हवी आहे: हार्डविक हॉलच्या अंतर्गत भिंती आणि भारवहन

नमस्कार मंडळी,

वास्तुकलेच्या इतिहासाच्या वर्गासाठी मी इंग्लंडच्या डर्बीशायरमधील हार्डविक हॉल या वाड्याचे, आतील रचना दिसावी म्हणून मधोमध छेद घेतलेले, लाकडी प्रतिरूप तयार करत आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रूज्बरीच्या काउंटेसने १५९० ते १५९७ या काळात हा वाडा बांधून घेतला आणि त्याच्या आराखड्याचे श्रेय रॉबर्ट स्मिथसनला दिले जाते. सहा मनोरे, त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली मालकिणीची (एलिझाबेथ श्रूज्बरी) ई आणि एस ही आद्याक्षरे, आणि काच अत्यंत महाग असतानाही जमिनीपासून वरपर्यंत लावलेल्या प्रचंड खिडक्या, एवढे छायाचित्रांतही स्पष्ट दिसते. मला विशेष भावते ती मजल्यांची उंची: तळमजला नोकरवर्गाचा, पहिला कुटुंबाच्या राहण्याचा आणि दुसरा समारंभी दालनांचा असून प्रत्येक मजला खालच्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे खिडक्याही वर जाताना मोठ्या होत जातात. सर्वांत मोठी उघडी जागा सर्वांत वर असणे हे बांधकामाच्या दृष्टीने मोठे धाडस आहे.

बाहेरच्या भिंतींत खिडक्यांना वाव मिळावा म्हणून धुराडी आतल्या भिंतींत घेतलेली आहेत, हे मला ठाऊक आहे. दर्शनी बाजूची सममिती राखण्यासाठी काही खिडक्या निव्वळ देखाव्याच्या ठेवल्या आहेत, हेही वाचले आहे. माझी अडचण मधल्या हॉलपाशी येते. त्या काळच्या रूढ पद्धतीनुसार हॉल प्रवेशाला आडवा असे. येथे मात्र तो दर्शनी बाजूकडून मागच्या बाजूकडे सरळ जातो आणि दोन मजले उंच आहे. त्याच्या दोन्ही अंगांच्या भिंती तशाच वर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतात का? मागच्या बाजूची सुमारे ५० मीटर लांबीची गॅलरी त्यांच्या वरून जात असेल, तर तेथे तिची जमीन कशावर टेकली आहे? तुळया कोणत्या दिशेने टाकल्या आहेत, हे कळल्याशिवाय मला छेद घेता येत नाही, आणि अंदाजाने काही जोडून विद्यार्थ्यांपुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

वाडा १९५९ पासून नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे असून तो पाहता येतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ज्या सदस्यांनी तो आतून पाहिला असेल, त्यांनी खिडकीजवळील भिंतीची जाडी नजरेच्या अंदाजानेही सांगितली तरी उपयोग होईल. शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या लहान काचा आणि दगडी उभे-आडवे दांडे यांचे जवळून काढलेले छायाचित्र असल्यास ते अवश्य द्यावे. तसेच प्रत्येक मजल्याचा मोजमापांसह नकाशा किंवा उभा छेद कोणत्या पुस्तकात मिळेल, हे कोणी सांगू शकेल का? भारतातील एखाद्या ग्रंथालयात तो उपलब्ध असल्यास मी स्वतः जाऊन पाहीन.