गाडीवरची निष्ठा, की नुसता नाइलाज?

खिडकीवाला: लांबच्या शहराला जाताना लोक पुन्हा पुन्हा एकाच रेल्वेसेवेचं तिकीट का काढतात? माझ्या मते वक्तशीरपणा. गुबगुबीत सीट, वायफाय, प्रवासावर मिळणारे पॉइंट ही सगळी वरची कलाकुसर. स्पेनमध्ये १९९२ला माद्रिद-सेव्हिया वेगवान गाडी सुरू झाली. पुढे त्यांनी पाच मिनिटांहून जास्त उशीर झाला तर पूर्ण भाडं परत द्यायचं ठरवलं. विमानाने जाणारे गाडीत आले ते उगाच नाही.

शंकासुर: मग जर्मनीचं काय करायचं? २०२४मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून. तरी लोक बसतातच. १९९२पासून तिथे बानकार्ड आहे. वर्षाचे पैसे आधी भरा, मग तिकिटावर सवलत घ्या. एकदा पैसे भरले की सोडवत नाही. निष्ठा कसली, दावणीला बांधलंय!

जोडगाडी: तुम्ही दोघं एकाच गाडीकडे बघताय. स्वित्झर्लंडने झ्युरिक-बर्न प्रवास २००४मध्ये ५६ मिनिटांवर आणला. ५६च का? कारण तासाच्या ठोक्याच्या आसपास मोठ्या स्थानकात सगळीकडच्या गाड्या एकत्र येतात. बासष्ट मिनिटं लागली असती तर समोरच्या फलाटावरची गाडी डोळ्यांदेखत सुटली असती. माणूस घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशोब करतो.

खिडकीवाला: आणि ती जोड साधायला गाडी वेळेवरच यावी लागते. म्हणजे माझंच म्हणणं, फिरवून.

रातराणी: मी दर आठवड्याला जाते. एका रात्री आमची गाडी आऊटरला सव्वा तास उभी. ना घोषणा, ना माणूस. दोनेक महिन्यांनी दुसऱ्या सेवेची गाडी तेवढीच रखडली. पण तपासनीस दर वीस मिनिटांनी डब्यात यायचा. "केबल तुटलीय, अजून अर्धा तास धरा." ज्यांना पुढची गाडी पकडायची होती, त्यांची नावं त्याने वहीत उतरवून घेतली. तेव्हापासून मी त्याच सेवेने जाते, भाडं थोडं जास्त असलं तरी.

शंकासुर: ताई, तुमच्यापुढे दोन सेवा होत्या म्हणून हे जमलं. इटलीत २०१२ला इतालो ही खासगी रेल्वेसेवा आली तेव्हा कुठे वेगवान मार्गावर लोकांना निवड मिळाली. एकच गाडी असेल तर तपासनीस वही काढो नाहीतर पेंगो, तिकीट तिथलंच.

जोडगाडी: स्पर्धेचं एवढं कौतुक नको. स्पेनमध्ये दुसऱ्या कंपन्या आल्या आणि २०२३मध्ये खिडकीवाल्यांची ती लाडकी हमीच सैल झाली. पूर्ण भाडं परत हवं तर दीड तास उशीर व्हायला हवा, असं तेव्हा ठरलं!

खिडकीवाला: हे मात्र लागलं.

रातराणी: शंकासुर, एकच गाडी असली तरी माणूस बांधलेला नसतो. मी जाणंच कमी केलं असतं. त्या सव्वा तासानंतर दोन महिने तेच केलं, फोनवरच काम भागवलं.